सही एकाची, मंजुरी दुसऱ्याची

१७७९ च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांची फौज वडगाव मावळात चारी बाजूंनी कोंडली गेली होती. तहाचं बोलणं करायला फार्मर नावाचा त्यांचा माणूस मराठ्यांच्या छावणीत आला. आमच्या कमिटीला तह करण्याचा अधिकारच नाही, तो कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारला आहे, असं त्याने आल्या आल्या सांगून टाकलं. महादजी शिंद्यांनी त्याला उलट विचारलं : मग कर्नल अप्टनने केलेला तह मोडायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? तो आधी दाखवा.

फार्मरकडे याचं उत्तर नव्हतं. तरीही दोन दिवसांनी करार झाला, त्यावर सह्या झाल्या, फौज सुटली आणि घाट उतरताच करार मोडला.

दिलेला शब्द फिरवल्याच्या कथा इतिहासात पैशाला पासरी मिळतात. त्यातली वडगावची कथा निवडायचं कारण असं की, यात उघडपणे खोटं बोलल्याचं कुणीच कबूल करत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा प्रत्येक माणूस आपापल्या जागी नियमाला धरून बोलतो. सही करणारा म्हणतो, मला अधिकार नव्हता. अधिकार असणारा म्हणतो, मी सही केली नव्हती. या दोन वाक्यांच्या मध्ये मराठ्यांच्या हाती काय राहिलं, ते पाहण्यासाठी पाच-सहा वर्षं मागे जावं लागेल.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि गादीवर चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, आले. कारभाऱ्यांनी त्यांच्याविरुद्ध फळी उभारली, तेच बारभाईंचं कारस्थान. पुढच्या एप्रिलात पुरंदरावर नारायणरावांच्या विधवा पत्नीला मुलगा झाला आणि दादांच्या हक्काचा पायाच गेला. फौज पांगली, पैसा संपला, तेव्हा दादांनी मुंबईकर इंग्रजांचं दार ठोठावलं. इंग्रज अशा पाहुण्याची वाटच पाहत होते. मुंबई बेटाला लागून असलेली साष्टी, म्हणजे आजच्या वांद्र्यापासून दहिसर-ठाण्यापर्यंतचा मुलूख, त्यांना कित्येक वर्षं हवी होती. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ साली मराठ्यांनी ती पोर्तुगीजांकडून जिंकली होती. आता पोर्तुगीज ती परत घ्यायला येणार अशी हूल उठली आणि तेवढ्या निमित्तावर १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याच्या किल्ल्यावर हल्ला करून तो घेतला. तह नंतर झाला, साष्टी आधी गेली.

१७७५ च्या मार्चमध्ये सुरतेला तह झाला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यायची, दादांना पुण्याच्या गादीवर बसवायचं. बदल्यात दादांनी साष्टी, वसई आणि गुजरातेतला काही वसूल तोडून द्यायचा, फौजेचा खर्च सोसायचा. रोकड नसल्यामुळे दादांनी सुमारे सहा लाखांचे जडजवाहीर तारण म्हणून ठेवले. मुंबईकरांना शब्दावर विसंबून राहणं मान्य नव्हतं, हे यातून दिसतंच. आपला शब्द मात्र किती पक्का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही. कारण त्याच सुमारास त्यांचा अधिकार कापला गेला होता. ब्रिटिश पार्लमेंटच्या १७७३ च्या रेग्युलेटिंग अ‍ॅक्टने मुंबई आणि मद्रासच्या इलाख्यांवर कलकत्त्याची देखरेख बसवली. कलकत्त्याला विचारल्याशिवाय एतद्देशीय सत्तांशी युद्ध किंवा तह करायचा नाही, असा नियम झाला. मुंबईकरांनी न विचारताच दोन्ही केलं.

कलकत्त्याच्या कौन्सिलला हे कळलं तेव्हा गुजरातेत लढाई पेटलेली होती. मे महिन्यात अडासला दोन्ही बाजूंची माणसं पडलीही होती. कौन्सिलने सुरतचा तह बेकायदा आणि अन्यायाचा ठरवला, लढाई थांबवायचा हुकूम दिला आणि कर्नल अप्टनला पुण्याच्या दरबाराकडे पाठवलं. १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. सुरतचा तह रद्द, दादांना इंग्रजांचा पाठिंबा बंद, त्यांनी पेन्शन घेऊन कोपरगावी राहायचं. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली, वर लढाईच्या खर्चापोटी बारा लाख रुपये द्यायचे मराठ्यांनी कबूल केले. ज्या लढाईला अन्यायाची म्हटलं, तिचा खर्चही समोरच्याकडूनच! कारभाऱ्यांच्या वतीने सखारामबापू बोकील आणि नाना फडणीस यांनी हा तह केला.

आता दादांचं काय? वर्षभरापूर्वी इंग्रजांनी त्यांना गादी देऊ केली होती. तो शब्द इंग्रजांनीच रद्द केला. दादांविषयी मराठी वाचकाला फारशी सहानुभूती वाटत नाही आणि वाटावी असं त्यांचं वागणंही नव्हतं. पण इंग्रजांनी शब्द फिरवल्याचा पहिला फटका त्यांनाच बसला, ही नोंद करायला हवी.

पुरंदरचा तह मुंबईकरांना कधीच रुचला नाही. त्यांनी दादांना कोपरगावी पाठवण्याऐवजी आसरा दिला. त्यात लंडनहून डायरेक्टरांचा खलिता आला, तो सुरतचा तह पसंत असल्याचा. विलायतेहून पत्र यायला सहा-सहा महिने, कधी त्याहून जास्त लागत. डायरेक्टर ज्या परिस्थितीवर मत देत होते ती इथे केव्हाच पालटलेली असे. पण मुंबईकरांना तेवढं पुरलं. आता कंपनीची तीन तोंडं तीन गोष्टी बोलत होती. मुंबईने सुरतचा तह केला, कलकत्त्याने तो मोडून पुरंदरचा केला आणि लंडनला मोडलेला तहच आवडला. लग्नाच्या बैठकीत मुलाच्या मामाने देण्याघेण्याचं ठरवून टाकावं, काकाने ते मोडून दुसरं ठरवावं आणि वडिलांनी परगावाहून कळवावं की मामाचंच बरोबर होतं, तसा हा प्रकार. मुलीकडच्यांनी कुणाचा शब्द धरायचा?

पुण्यातही सगळं आलबेल नव्हतं. १७७८ मध्ये कारभाऱ्यांत फूट पडली. मोरोबा फडणीस आणि तुकोजी होळकर दादांच्या बाजूला झुकले आणि त्यांच्यात आतून सखारामबापूही होते. दादांना घेऊन या, असं बोलावणं मुंबईला गेलं. इथे इंग्रजांचा कायदेबाज मेंदू कसा चालतो ते बघण्यासारखं आहे. पुरंदरच्या तहावर ज्यांची सही, तेच सखारामबापू दादांना बोलावत असतील तर दादांना पुण्याला नेणं हा तहाचा भंग होतच नाही, असा युक्तिवाद झाला आणि कलकत्त्याला वॉरन हेस्टिंग्जनेही तो मान्य केला. पुण्यात सेंट ल्युबिन नावाचा फ्रेंच वकील आला होता, नानांनी त्याचं स्वागत थाटात केलं होतं, तेही निमित्ताला जोडलं गेलं. नानांनी मोरोबांचं बंड मोडलं, मोरोबा कैदेत गेले. बोलावणं रद्द झालं, तरी पाहुणे निघालेच.

१७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईहून चारेक हजारांची फौज निघाली. सामान वाहायला एकोणीस हजार बैल. सेनापती कर्नल एजर्टन आजारी, त्याच्याबरोबर निर्णय घ्यायला कमिटी, तिचा प्रमुख जॉन कारनॅक. पुण्याच्या दरबाराची खडान्‌खडा माहिती असलेला मॉस्टिन हा कमिटीतला तिसरा माणूस वाटेतच आजारी पडून परतला आणि नववर्षाच्या पहिल्या दिवशी मुंबईत वारला. घाट चढल्यावर या लवाजम्याची चाल दिवसाकाठी जेमतेम मैल-दोन मैल. मराठे समोर येऊन लढत नव्हते. आघाडीला टिपत होते, रसद तोडत होते, पुढची गावं आणि वैरण जाळत होते. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. हा इतका धाडसी की शत्रूनेच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हणून नावाजलं. त्याची समाधी वडगाव मावळात आहे आणि आसपासचे लोक तिथे श्रद्धेने जातात. चाल करून आलेल्या परक्या शिपायाला असा मान देणारा मुलूख मला तरी दुसरा माहीत नाही.

तळेगावला पोहोचेपर्यंत फौजेतला धान्याचा साठा आटला. पुणं दोन मजलांवर होतं. दादांच्या नावावर मराठे सरदार येऊन मिळतील, हा भरवसा फोल ठरला होता. ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलून, सामान जाळून फौज गुपचूप मागे फिरली. गुपचूप कसलं, मराठे वाटच पाहत होते. पिछाडीला कॅप्टन हार्टलेने शर्थ केली म्हणून फौज वडगावपर्यंत तरी आली. तिथे ती अडकली. हार्टलेचं म्हणणं होतं की अजूनही लढत मुंबईला जाता येईल. एजर्टन आणि त्याच्या जागी सेनापती झालेला कॉकबर्न यांना ते अशक्य वाटलं. मग फार्मरला पाठवण्यात आलं आणि वर सांगितलेला सवालजवाब झाला.

१६ जानेवारीच्या करारात ठरलं ते थोडक्यात असं : १७७३ पासून इंग्रजांनी घेतलेला मुलूख, अर्थात साष्टीसह, परत द्यायचा. बंगालहून जमिनीच्या वाटेने येणारी गोडार्डची फौज माघारी पाठवायची. दादांना मराठ्यांच्या हवाली करायचं. तसे ते आपणहून शिंद्यांच्या आश्रयाला गेलेच होते. खुद्द महादजींना भडोचचा वाटा आणि त्यांच्या माणसांना एक्केचाळीस हजार रुपये. करार पाळला जाईल याची हमी म्हणून फार्मर आणि लेफ्टनंट चार्ल्स स्ट्यूअर्ट, हा दुसरा स्ट्यूअर्ट, ओलीस ठेवायचे.

फौज घाट उतरली आणि कमिटीने पहिलं काम केलं ते गोडार्डला माघारी फिरायला सांगणारं पत्र स्थगित करण्याचं. मुंबईचा गव्हर्नर हॉर्नबी याने करार आपल्यावर बंधनकारक नसल्याचं ठरवलं, कलकत्त्याने तोच सूर धरला. कारनॅकने आपलं समर्थन केलं तेही असंच : या सहीला किंमत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी ती केली. कंपनीच्या डायरेक्टरांनी कारनॅक, एजर्टन आणि कॉकबर्न यांना नोकरीतून काढलं. शिक्षा झाली ती अपयशाची. साष्टी कुणी परत केली नाही.

इंग्रजांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. फार्मरने अधिकार नसल्याचं आधीच सांगितलं होतं. ऐकूनही महादजींनी सही घेतली. वकील किंवा सेनापतीने केलेल्या तहाला वरच्या सत्तेची मंजुरी लागते, ही पद्धत युरोपात रूढ होती आणि आजही राष्ट्रांचे बहुतेक मोठे करार सही आणि मंजुरी अशा दोन पायऱ्यांनीच होतात. गळ्याशी तलवार असताना केलेल्या सहीचं मोल काय, हाही प्रश्न खराच. करारांविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना संकेताने बळजबरीने लादलेला तह रद्दबातल ठरवला, पण त्यात अधिकाराबद्दलचं कलमही आहे : आमच्या घरच्या कायद्याने सही करणाऱ्याला मुभा नव्हती, ही सबब राष्ट्राला सहसा सांगता येत नाही, ती उणीव कुणालाही उघड दिसण्यासारखी असेल आणि मूलभूत नियमाची असेल तरच चालते. वडगावला ती उघड होती, फार्मरने ती तोंडाने सांगितली होती. निव्वळ कायद्याच्या काट्यावर इंग्रज कदाचित सुटतीलही. पण मग साष्टी कुठल्या अधिकाराने ठेवली? अधिकार नसताना घेतलेलं पचतं आणि अधिकार नसताना दिलेलं पचत नाही, अशी ही सोयीची गणितं. महादजींचा प्रश्न त्याच जागी बोट ठेवणारा होता.

अशीच एक कथा रोमची आहे. इ.स.पू. ३२१ मध्ये कॉडियमच्या खिंडीत रोमन फौज सॅमनाइट लोकांनी कोंडली. कॉन्सलांनी तहाची हमी देऊन फौज सोडवली आणि रोमच्या सिनेटने तह झिडकारला. लिव्ही हा रोमन इतिहासकार सांगतो की, त्या वेळी हमी देणारा कॉन्सल पोस्टुमियस स्वतः म्हणाला, हमी आम्ही दिली, तेव्हा आम्हाला बांधून शत्रूच्या स्वाधीन करा, म्हणजे रोम मोकळं. तसं खरंच केलं गेलं. सॅमनाइट सेनापतीने त्यांना घेतलं नाही. तह मोडायचा तर फौज होती तशी खिंडीत आणून उभी करा, म्हणाला. आजच्या बऱ्याच अभ्यासकांना ही हकिगत पूर्ण खरी वाटत नाही, रोमची लाज राखायला ती रचली असावी असं त्यांचं मत आहे. पण शब्द मोडताना काहीतरी किंमत चुकवली असं दाखवायची गरज रोमन लोकांना वाटली. वडगावनंतर ना कारनॅकला परत पाठवण्याची गोष्ट निघाली, ना तळेगावला फौज पुन्हा उभी करण्याची.

महादजींनी फौज का सोडली, यावर मराठी लेखकांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. हातात आलेला शत्रू चिरडायचा की उपकार करून बांधायचा, यात मधला मार्ग सर्वांत वाईट, असा सल्ला त्याच सॅमनाइट सेनापतीला त्याच्या म्हाताऱ्या बापाने दिला होता, असंही लिव्ही सांगतो. महादजींनी मधलाच मार्ग धरला. माझ्या मते त्यांचा हिशेब कच्चा नव्हता, वेगळा होता. त्यांना दादा हाती हवे होते, ते आले. भडोच हवं होतं, त्याचा शब्द मिळाला. सखारामबापूंचा दुटप्पीपणा उघड करण्याची संधी मिळाली. बापू कैदेत पडले आणि दोन वर्षांत कैदेतच वारले. इंग्रज करार पाळतील असं महादजींना मनापासून वाटलं असेल हे मला पटत नाही. अधिकाराचा प्रश्न ज्याने स्वतः विचारला, तो इतका भोळा नसतो. पण हातचे दादा मात्र टिकले नाहीत. झाशीकडे नेत असताना वाटेत पहारेकऱ्यांवर उलटून ते निसटले आणि जूनमध्ये गोडार्डला जाऊन मिळाले.

गोडार्ड तर फेब्रुवारीअखेरच सुरतेला येऊन बसला होता. वडगावच्या कमिटीचा हुकूम आपल्यावर चालत नाही, आपण कलकत्त्याचे चाकर, हे त्याचं उत्तर तयार होतं. लढाई पुन्हा पेटली. अहमदाबाद गेलं, ग्वाल्हेर गेलं, १७८० च्या डिसेंबरात वसई गेली. दुसरीकडे गोडार्डने बोरघाटातून पुण्यावर यायचा घाट घातला, तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांनी त्याला हैराण करून परतवलं.

शब्द फिरवण्याची मक्तेदारी एकट्या टोपीकरांची होती असं मात्र समजू नये. वडगावनंतर नानांनी इंग्रजांविरुद्ध निजाम, हैदर अली आणि नागपूरकर भोसले यांची मोट बांधली. भोसल्यांना हेस्टिंग्जने पैसे चारून थंड केलं, निजामाला गुंटूर परत देऊन गप्प बसवलं. उरला हैदर, आणि तोच खरा लढला. १७ मे १७८२ रोजी सालबाईला महादजींनी हेस्टिंग्जच्या वकिलाशी तह केला, त्यात हैदरने जिंकलेला मुलूख इंग्रजांना आणि अर्काटच्या नवाबाला परत द्यावा अशी तजवीज पेशव्यांनी करायची, असं कलम होतं. ज्याला खांद्याला खांदा लावून लढायचं वचन दिलं, त्याच्याच हातून मुलूख सोडवायचा! नानांनी म्हणूनच मंजुरी लांबवली. सात महिने तहावर त्यांचं शिक्कामोर्तब नव्हतं. ७ डिसेंबरला हैदर वारला आणि २० डिसेंबरला नानांनी तह मंजूर केला. सही एकाची आणि मंजुरी दुसऱ्याची, हे हत्यार नानांनाही वापरता येत होतं. त्यांनी ते निदान मित्र जिवंत असेपर्यंत म्यान केलं नाही, एवढा फरक.

बेलभंडार उचलून, देवाच्या पायाशी हात ठेवून दिलेल्या शपथा मराठी दरबारातही मोडल्या गेल्याच. पण शपथ मोडणारा माणूस ओळखीचा असे. दादा असोत की बापू, बोट दाखवता येई, जाब विचारता येई, गडावर डांबता येई. कंपनीकडे बोट दाखवायला माणूस नव्हता. तिथे कमिटी होती, तिच्यावर मुंबईचं कौन्सिल, त्यावर कलकत्त्याचं, त्यावर लंडनचे डायरेक्टर आणि त्यांच्याही वर पार्लमेंट. प्रत्येक पायरीवर एक जण खालच्याचा शब्द नाकारायला मोकळा. आज एखाद्या मोठ्या कंपनीकडून ‘वरून मंजुरी आली नाही’ असं ऐकावं लागतं, तेव्हा तीच जुनी शिडी आपल्यासमोर असते. म्हणून कुणी तोंडी कबूल केलं तर आनंद मानण्याआधी एवढं विचारून घ्यावं : तुम्ही नाही म्हणालात तर चालेल, पण हो म्हणण्याचा अधिकार तुम्हाला आहे का?

सालबाईच्या तहाने वसई मराठ्यांना परत मिळाली, साष्टी नाही. दादांना पेन्शन मिळाली. ती भोगायला ते कोपरगावी आले आणि १७८३ च्या डिसेंबरात वारले. फार्मर आणि स्ट्यूअर्ट या ओलिसांना महादजींनी १७८० मध्येच सन्मानाने सोडून दिलं होतं. त्याबद्दल आणि वडगावला कोंडलेल्या फौजेशी माणुसकीने वागल्याबद्दल इंग्रजांनी भडोच महादजींना दिलं. वडगावच्या करारातलं पाळलं गेलेलं मोठं कलम हेच, आणि तेही करार म्हणून नाही, बक्षीस म्हणून. पुढे १७९४ मध्ये महादजी गेले, दौलतराव शिंदे आले. वीसेक वर्षं जुनी ही मैत्री कंपनीला आठवावी असं काही राहिलं नव्हतं तेव्हा, म्हणजे १८०३ च्या ऑगस्टात, इंग्रजांनी हल्ला करून भडोच घेतलं. डिसेंबरात सुर्जी-अंजनगावला तह झाला आणि भडोच कायमचं कंपनीचं झालं.